अमरवेलीचं बी कुणाच्या हातून येतं?

हैदराबादेत थंडी सरत आली की कॉलन्यांच्या कुंपणांवर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसायला लागतो. ही अमरवेल. सोनेरी पानांच्या ड्युरांटावर ती चटकन लक्षातही येत नाही, पिवळ्यात पिवळं मिसळून जातं. मग एक दिवस झुडपाचा मधला भाग करडा पडतो, पानं गळतात आणि नुसता गुंता उरतो. माळी येतो, कात्री चालवतो, कुंपण सपाट कापून निघून जातो. कापलेल्या वेलीचे वीत-वीतभर तुकडे शेजारच्या झुडपांवर पडतात. त्यातले बरेचसे वाळतात. ज्या तुकड्याला ओलावा आणि कोवळी फांदी मिळते तो तिला विळखा घालतो आणि पुन्हा जगतो. पुढच्या हंगामात दोन झुडपांच्या जागी दहा झुडपं पिवळी होतात आणि लोक म्हणतात, हवेतून आली असेल.

हवेतून ती येत नाही. माझं सगळं नोकरीचं आयुष्य बियाणं तपासण्यात गेलं, म्हणून हे ठामपणे सांगते. परभणीला शेतकीचं शिक्षण घेऊन मी हैदराबादेत आले आणि एका खासगी बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. शहराच्या उत्तरेला मेडचलच्या रस्त्यानं गेलात तर दोन्ही बाजूंना बियाणे कंपन्यांची गोदामं दिसतील. देशाच्या बियाण्याचा मोठा वाटा तेलंगणातून जातो. बियाणे तपासणीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे इस्टाची, परिषद 2019 च्या जूनमध्ये इथेच भरली होती. जिथून एवढं बियाणं देशभर जातं, तिथून बियाण्याबरोबर आणखी काय काय जाऊ शकतं, हा प्रश्न माझ्यासारखीला पडल्याशिवाय राहत नाही.

आधी अमरवेल म्हणजे काय ते सांगते. ती रताळ्याच्या कुळातली. जगात तिच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत. पानं नावापुरती, हिरवं द्रव्य जवळजवळ नाही, आणि एकदा आधार सापडला की मूळही राहत नाही. बी रुजतं तेव्हा मातीतून एक बारीक पिवळा धागा वर येतो आणि गोल गोल फिरत शेजार शोधतो. बियात जेमतेम काही दिवसांची शिदोरी असते. तेवढ्यात झाड सापडलं नाही तर तो धागा मरतो. सापडलं तर त्या झाडाच्या देठाला वेढे घालतो, आणि जिथे जिथे स्पर्श होतो तिथे शोषक मुळं फुटून देठाच्या आत शिरतात. पाणी, क्षार, साखर, सगळं तिथून ओढलं जातं. मग खालचा, मातीतला भाग वाळून जातो.

शेजार कसा शोधते याचं उत्तर 2006 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दिलं. त्यांनी अमरवेलीच्या रोपाजवळ टोमॅटोचं रोप ठेवलं, तर ती त्याच्याकडे वळली. टोमॅटोच्या जागी त्याचा नुसता वास ठेवला तरी ती तिकडेच वळली. एका बाजूला गहू आणि दुसऱ्या बाजूला टोमॅटो ठेवला तेव्हा तिनं टोमॅटो निवडला. पुढे 2014 मध्ये असं दिसलं की अमरवेल आणि तिचं यजमान झाड यांच्यात आनुवंशिक संदेशांचे रेणूही इकडून तिकडे जातात, तेही हजारोंच्या संख्येनं. त्यानंतर चार वर्षांनी आणखी एक गोष्ट कळली. यजमानाच्या संरक्षणाशी संबंधित जनुकं गप्प करणारे छोटे रेणू ती वेल आत सोडते. बिनपानांची, बिनमुळांची ही वनस्पती दुबळी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं.

आपल्याकडे तिच्या दोन जातींचा फरक महत्त्वाचा आहे. कुंपणांवर, बोरी-बाभळींवर दिसणारी जाड, हिरवट-पिवळी वेल आपल्याकडचीच. ती इथल्या झाडांबरोबर हजारो वर्षं राहिली आहे, वैद्यांच्या औषधांतही आहे. दुसरी बारीक, नारिंगी-पिवळी, शेतात जमिनीलगत पसरणारी. ती मूळची उत्तर अमेरिकेतली. लसूणघासाच्या आणि इतर चाऱ्याच्या बियाण्यातून ती जगभर गेली. तिला यजमान म्हणून चालणाऱ्या वनस्पतींची यादी शेकड्यांनी मोजावी लागते. लसूणघास, कारळा, कांदा, मूग, उडीद, सगळं तिला चालतं. आंध्रात कृष्णा आणि गुंटूर भागात भाताच्या काढणीच्या सुमारास त्याच ओलीवर उडीद-मूग पेरतात. तिथल्या शेतकऱ्यांना बंगारु तीगा, म्हणजे अमरवेल, म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. उडदाच्या हिरव्या रानात सतरंजीएवढं पिवळं ठिगळ दिसतं आणि ते आठवड्या-आठवड्याला रुंदावत जातं.

आता माझ्या टेबलावर या. लसूणघासाचा नमुना येतो तो पन्नास ग्रॅमचा. पांढऱ्या पाटीवर भिंगाखाली चिमट्यानं एकेक दाणा सरकवायचा. घासाचं बी दोन-अडीच मिलिमीटरचं, वाटाण्याच्या डाळीसारखा पिवळसर रंग, आकार मूत्रपिंडासारखा, अंगावर हलकी चकाकी. अमरवेलीचं बी त्याहून लहान, एक-दीड मिलिमीटरचं, मातकट, एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला चपटं. चिमट्यात धरलं की कळतं, अंग खरखरीत आहे. तो खरखरीतपणाच आमच्या कामाचा. चाळणीतून जे सुटतं ते मखमलीच्या रुळांवर सोडतात. गुळगुळीत घास घसरून खाली जातो आणि खरखरीत बी मखमलीला अडकून वर चढतं. काही ठिकाणी बियाण्यात लोखंडाची बारीक भुकटी मिसळतात. ती अमरवेलीच्या बियाला चिकटते, घासाला चिकटत नाही, आणि मग लोहचुंबकाच्या रुळावर दोन्ही वेगळी होतात. ही यंत्रं स्वस्त नाहीत, पण सगळी झंझट शेतात होण्यापेक्षा इथे झालेली परवडते.

एका किलोत घासाचे चार-पाच लाख दाणे असतात. समजा त्यात अमरवेलीचे दहाच दाणे आहेत. डोळ्यांना ते दिसणार नाहीत, बाजारात कुणी त्याला भेसळ म्हणणार नाही. हेक्टरी वीस-पंचवीस किलो पेरलं की दोनशे-अडीचशे दाणे रानात गेले. त्यातले काही त्याच वर्षी उगवतात, बाकीचे कठीण सालीमुळे तसेच मातीत पडून राहतात आणि दहा वर्षांनीही रुजू शकतात. जी वेल उगवली ती हजारो बिया टाकते. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या भारतीय निकषांत लसूणघासासाठी अमरवेल हे आक्षेपार्ह तण मानलं आहे आणि त्याची वेगळी मोजणी करावी लागते. नियम चांगला आहे. अडचण अशी की चाऱ्याचं पुष्कळसं बियाणं सुटं विकलं जातं, पोत्यातून, मापानं. त्याच्यावर चिठ्ठी नसते, लॉट नंबर नसतो.

शहराच्या कडेला राहणारे एक म्हशीवाले काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी असंच सुटं बियाणं घेतलं होतं. दुसऱ्या कापणीनंतर त्यांचा घास जागोजाग पिवळा पडला. व्यापारी म्हणाला, तुमच्या जमिनीतच दोष असेल. काकांकडे ना पावती होती ना उरलेलं बियाणं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा म्हणाले, “ताई, आता नांगरून टाकू का?” मी म्हटलं, नांगरलं तर बी खाली जाईल आणि दहा वर्षं पुरेल. आधी ते ठिगळ, त्याच्या भोवतीचा हातभर चांगला घासही धरून, जमिनीसरसं कापा, तिथेच वाळवा आणि जाळा. म्हशींना घालू नका. शेवटचं सांगणं त्यांना पटलं नाही, कारण चारा जाळायचा म्हणजे जिवावर येतं. पण अमरवेलीचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. ते शेणात येतं, शेण उकिरड्यावर जातं, आणि हैदराबादेतल्या तबेल्यांचं शेणखत कुठे जातं? रोपवाटिकांत जातं. तिथून कुंड्यांत, गच्चीवरच्या वाफ्यांत, शाळांच्या बागांत. पिटुनियाच्या कुंडीत, कोथिंबिरीच्या वाफ्यात बारीक नारिंगी धागा दिसला तर त्याची वाट बहुधा अशी आहे. खत नीट कुजलेलं, आतून तापलेलं असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. हिरवट, अर्धकच्चं खत घेऊ नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण परजीवी म्हटलं की लोक सगळंच तोडायला निघतात. चंदन हेसुद्धा परजीवी आहे, मुळांवरचं आणि अर्धं. त्याची पानं हिरवी असतात, स्वतःचं अन्न तेच तयार करतं, पण पाणी आणि क्षार शेजारच्या झाडाच्या मुळांतून घेतं. म्हणून चंदन लावणारे शेतकरी शेजारी तूर, शेवरी, सरू असं काहीतरी लावतात. एकट्या लावलेल्या चंदनाची वाढ खुंटते. आपल्या कडुनिंबांवर आणि आंब्यांवर दिसणारं बांडगूळही तसंच अर्धं परजीवी. त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात. फुलटोच्या त्याची फळं खातो, आणि चिकट बी चोचीतून किंवा विष्ठेतून फांदीला चिकटतं, तिथेच रुजतं. रानातल्या बांडगुळाला मी हात लावणार नाही. ते इथलं आहे, पक्ष्यांचं अन्न आहे. आंब्याच्या बागेत मात्र ते ठेवता येत नाही. त्याला फळ धरायच्या आधी, जिथे ते फांदीत शिरलं आहे त्याच्या फूटभर खालून फांदीच काढावी लागते. नुसतं बांडगूळ ओरबाडलं तर आत राहिलेल्या भागातून पुन्हा फुटतं.

अमरवेलीच्या परक्या जातीचं गणित वेगळं असतं. शेताच्या बांधावरून ती ओढ्याच्या काठी, तिथून रानाच्या कडेला जाते. तिथल्या कोवळ्या झुडपांनी तिच्याविरुद्ध कधी लढा दिलेला नसतो. तिथे फवारणारं, कापणारं कुणी नसतं. मला अधूनमधून विचारतात, गाजरगवतावर अमरवेल चढलेली दिसते, मग ती मुद्दाम का सोडू नये? चीनमध्ये मिकानिया या आक्रमक वेलीवर अमरवेल सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. माझा या कल्पनेला विरोध आहे. गाजरगवत मरेपर्यंत वेलीनं बी टाकलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी मूग पेरला तर ती मुगावर चढणार. एका तणासाठी दुसरं तण आणणं परवडत नाही.

आतापर्यंत जे सांगितलं ते डोळ्यांना दिसणारं. मला जास्त काळजी वाटते ती जमिनीखालच्याची.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूला. तिथून तेलंगणाची हद्द जवळ, आणि 1956 पर्यंत तर हे सगळं एकाच हैदराबाद राज्यात होतं. निजामाच्या शेती खात्यानं 1918 मध्ये परभणीला प्रयोगक्षेत्र सुरू केलं. त्याच जागेवर पुढे विद्यापीठ उभं राहिलं. आमच्याकडचं खरिपाचं मुख्य पीक तेव्हा जोंधळा होतं. हलक्या, मुरमाड रानात दादा तो पेरायचा. एका श्रावणात मी गेले होते तर तो म्हणाला, “चांगला पाऊस झालाय, रान ओलं आहे, तरी जोंधळा मान टाकतोय. खताचं कमी पडलं का काय?” भर दुपारी पानं सुरळी करून उभी होती, कडा भाजल्यासारख्या. बुडाशी वाकून पाहिलं तर वीतभर उंचीची, अरुंद खरखरीत पानांची, पांढऱ्या इवल्या फुलांची रोपं उभी होती. टारफुला.

दादाला दाखवायचं म्हणून जोंधळ्याचं एक ताट आम्ही मातीच्या ढेकळासकट कुदळीनं उकरलं. ओढून काढलं असतं तर जोड तुटला असता. ढेकूळ बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि माती हळूहळू सुटू दिली. मग घमेल्यात पसरून बघितलं. टारफुल्याचं खोड मातीखाली पांढरं होतं, हिरवा भाग जेमतेम वरचा. खाली गेल्यावर त्याचे धागे जोंधळ्याच्या मुळापर्यंत पोचत होते, आणि जिथे टेकत होते तिथे टाचणीच्या डोक्याएवढी गाठ. एका मुळावर अशा अनेक गाठी होत्या. त्यातल्या कितीतरी अशा, की ज्यांची रोपं अजून जमिनीच्या वर आलेलीच नव्हती. वहिनी म्हणाली, “म्हणजे वर दिसतंय ते थोडंच आहे.” तेच खरं दुखणं आहे. टारफुला आयुष्याचा पहिला महिना-दीड महिना जमिनीखाली काढतो, आणि नुकसानाचा मोठा भाग तेव्हाच होऊन जातो. वर आल्यावर तो पानं हिरवी करतो, थोडं अन्न स्वतः बनवतो, पण पाणी ओढणं थांबवत नाही. त्याच्या पानांतून जोंधळ्यापेक्षा जास्त वेगानं पाणी उडतं, म्हणून ओढ त्याच्याकडेच राहते. ओल्या रानात जोंधळा तहानेला होतो तो असा.

त्याचं बी म्हणजे धूळच. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. एका रोपाला अशा हजारो बिया, चांगल्या वाढलेल्याला पन्नास हजारांच्या घरात. कणसं खळ्यात मातीवर टाकली की धान्याला लागते. औताच्या फाळाला, जनावरांच्या खुरांना, पायताणाला, पाण्याच्या लोंढ्याला लागून दुसऱ्या रानात जाते. मातीत पंधरा-वीस वर्षं पडून राहू शकते. आमच्या भिंगाखालच्या पाटीवर ती दिसतही नाही. त्यासाठी ज्वारीचं बियाणं धुऊन ते पाणी गाळावं लागतं आणि गाळणीवर उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं.

एवढं बारीक बी, ज्यात काही दिवसांचंच अन्न, ते योग्य वेळी कसं रुजतं? यजमानाचं मूळ काही मिलिमीटरवर असेल तरच ते रुजतं, एरवी झोपून राहतं. त्याला जागं करणारा पदार्थ 1966 साली कपाशीच्या मुळांतून वेगळा केला गेला, त्याला स्ट्रायगॉल नाव मिळालं. गंमत अशी की कपाशी टारफुल्याची यजमान नाही. मग मुळं हा पदार्थ जमिनीत सोडतात तरी कशाला? याचं उत्तर यायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या गटातले पदार्थ मातीतल्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी असतात. ही बुरशी मुळांत राहून झाडाला स्फुरद मिळवून देते. जमिनीत स्फुरद कमी असलं की झाड ही हाक जास्त जोरानं देतं. टारफुला दुसऱ्यासाठी निघालेला निरोप मध्येच ऐकतो. 2008 मध्ये कळलं की हेच पदार्थ झाडाच्या अंगात फांद्या किती फुटाव्यात तेही ठरवतात, म्हणजे झाडाला ते सोडणं टाळताही येत नाही.

यावरून माझ्या डोळ्यांसमोर एक गोष्ट स्वच्छ झाली. टारफुला उपाशी जमिनीत माजतो. दादाच्या ज्या रानात वर्षानुवर्षं जोंधळ्यावर जोंधळा घेतला, शेणखत गेलं नाही, त्याच तुकड्यात तो जास्त होता. गोठ्याजवळच्या काळ्या तुकड्यात तुरळक. जमिनीची भूक भागवल्याशिवाय नुसतं तण उपटत बसणं म्हणजे अर्धंच काम.

या तणावर जगाला उपयोगी पडलेलं काम आमच्या शहराच्या कडेला झालं आहे याचा मला अभिमान वाटतो. 1972 मध्ये पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. कोरडवाहू पिकांचं संशोधन हे तिचं काम. तिथल्या ज्वारी विभागानं टारफुल्याला दाद न देणारे वाण शोधायला घेतले. काही वाणांची मुळं जागं करणारा पदार्थ फारच कमी सोडतात. काहींची मुळं निबर असतात, शोषक मूळ आत शिरता शिरत नाही. एन-13 हा भारतीय वाण दुसऱ्या प्रकारातला म्हणून जगभर ओळखला जातो. ऐंशीच्या दशकात पाटणचेरूला एसएआर-1 सारखे वाण तयार झाले. एन-13 मधले गुण पुढे सुदानमधल्या स्थानिक ज्वारीत उतरवले गेले. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा कारकिर्दीच्या सुरुवातीला इक्रिसॅटमध्येच होते, सुदानमध्ये. पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी दुष्काळ आणि टारफुला दोन्ही सोसणारी ज्वारी घडवली. त्यासाठी 2009 चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. आफ्रिकेत टारफुल्याची मोठी, जांभळ्या फुलांची जात आहे. ती मका, ज्वारी, बाजरी अशा पिकांची लाखो हेक्टर जमीन नासवते. अनेक कुटुंबांनी तिच्यापायी शेतं सोडली. ती जात भारतात नाही, आणि येऊ नये यासाठी परदेशातून आलेला प्रत्येक वाण संगरोधातून जाणं किती गरजेचं आहे हे राजेंद्रनगरच्या संगरोध प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना विचारा.

आपल्या जातीचा टारफुला मात्र परदेशातही पोचला आहे. 1956 मध्ये तो अमेरिकेत कॅरोलायना राज्यांच्या मक्यात सापडला. तिथल्या सरकारनं त्या जिल्ह्यांभोवती बंदोबस्त केला, औतं धुतल्याशिवाय हलवू दिली नाहीत आणि जमिनीत इथिलीन वायू सोडला. या वायूनं बी फसतं, यजमान नसताना रुजतं आणि मरतं. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हे काम चाललं, प्रचंड पैसा लागला, आणि लाखो एकरांवरचा प्रादुर्भाव काही हजार एकरांपर्यंत आला. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला जमिनीत वायू सोडणं परवडणार नाही. पण तेच काम कपाशी, भुईमूग, चवळी, सूर्यफूल करतात. त्यांची मुळं टारफुल्याला जागं करतात आणि थारा देत नाहीत. केनियात इसिपे या संस्थेनं मक्याच्या ओळींत डेस्मोडियम लावून हाच मार्ग यशस्वी केला. ती शेंगवर्गीय वेल आहे, जमिनीला नत्र देते आणि गुरांना चाराही.

तंबाखू, वांगी, टोमॅटोवर येणाऱ्या बंबाखूचीही कहाणी हीच. त्याला हिरवं पान मुळीच नसतं, फिकट कोंब थेट जमिनीतून वर येतात. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यातल्या माणसांना ते सांगायला नको. एका रोपाला लाखाच्या वर बिया. तिथेही उपाय एकच, फूल येण्याआधी कोंब काढून रानाबाहेर नेऊन जाळणं, बांधावर न टाकणं. उपटून टाकलेल्या कोंबातही बी पिकतं.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण आहे. आमच्याकडे खरिपाचा जोंधळा जवळजवळ गेला होता, त्याच्या जागी सोयाबीन आणि कपाशी आली. टारफुला दिसेनासा झाला, नव्या पिढीतल्या मुलांना तो ओळखतही नाही. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. राजेंद्रनगरची भारतीय भरडधान्य संशोधन संस्था उत्कृष्टता केंद्र व्हावी असं केंद्राच्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. शहरात ज्वारीची भाकरी पुन्हा मागितली जाते आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मी ज्वारीवरच वाढले. पण मागणी आली की शेतकरी एकाच रानात वर्षामागून वर्ष ज्वारी घेणार, आणि जुन्या रानांत बी झोपलेलं आहे. पहिल्या वर्षी दहा-वीस रोपं दिसतील. ती कुणी ओळखली नाहीत तर चौथ्या वर्षी पीक जाईल आणि लोक ज्वारीला नावं ठेवतील.

दादाच्या त्या तुकड्यात आता कपाशी आणि तूर असा फेर आहे, मध्ये एक वर्ष भुईमूग. शेणखत दर साल जातं. ज्वारी घेतली त्या वर्षी वहिनी आणि शेजारच्या बाया दर पंधरवड्यानं बुडाशी वाकून बघायच्या, दिसलेलं रोप पिशवीत भरून आणायच्या. त्या मजुरीचा हिशेब दादानं पहिल्यांदा खर्चात धरला तेव्हा तो कुरकुरला होता. पुढच्या फेराला रोपं निम्म्याहून कमी झाली, मग कुरकुर थांबली.

म्हशीवाले काका आता निळ्या चिठ्ठीचं प्रमाणित बियाणं घेतात. मी त्यांना पावती, चिठ्ठी आणि पिशवीतलं मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपायला सांगितलं आहे. बियाण्याचा कायदा 1966 चा आहे. तक्रार करायची तर तपासणीसाठी नमुना लागतो, नुसत्या पिवळ्या रानावरून लॉट सिद्ध होत नाही.

बियाणे विकणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. ज्वारीच्या पिशवीवर टपोऱ्या कणसाचं चित्र असतं. नांदेड, लातूर, धाराशिव, संगारेड्डी, बिदर या भागांत जाणाऱ्या पिशव्यांवर मागच्या बाजूला टारफुल्याचंही छापा. पांढऱ्या फुलांनी भरलेल्या रोपाचं नको. जोंधळ्याच्या बुडाशी नुकतंच चार बोटं वर आलेलं, फूल न आलेलं रोप हवं, कारण ते उपटून काढायची वेळ तीच आहे.